कॉलरच्या उंचीवरचं ऊन

टेलरबाईंचं दुकान पुढच्या खोलीत, संसार मागच्या दोन खोल्यांत आणि त्यामागे दोन इमारतींच्या कात्रीत सापडलेलं चार पावलांचं अंगण. तिथे गुलाब लावणं म्हणजे विहिरीत पतंग उडवणं, असं सगळ्यांचं मत. म्हणून तर बाईंनी लावला! वडिलांच्या कुंपणावरच्या वेलगुलाबाची ती फांदी होती. कुंपण गेलं, वडीलही गेले. त्या गुलाबाचं एवढंच रोप उरलं होतं.

तीन वर्षांत पानं ढीगभर आली, कळी एक नाही. शेवटी थोरल्या ताईंनी फोनवर निकालच देऊन टाकला.

"माझ्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं. वर्ष संपायच्या आत फूल आलं नाही, तर रोप मी घेऊन जाणार. तुझ्या हट्टापायी बाबांचा गुलाब मरायला नको."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ताईंचं चुकलं होतं कुठे? बाईंनी शिवणाचा खडू उचलला आणि दर अर्ध्या तासाला फरशीवर उन्हाची कड आखली. मोजून अडीच तास! आखणी अशी सुबक, की तिच्यावरून झबलं बेतता आलं असतं. रोपाला त्याचं काय कौतुक?

मग एका सकाळी एका डॉक्टरीणबाईंच्या नव्या कोटाला मशीनचं तेल लागलं. बाईंनी तो धुतला आणि अंगणातल्या उंच दोरीवर टांगला. दहा वाजले, फरशीवरचं ऊन गेलं. कोटाची कॉलर मात्र लखलखत होती. अकरा वाजले, तरी लखलखतच होती!

"अगं बाई!" म्हणत त्या टेप घेऊन स्टुलावर चढल्या. दिवसभर मोजलं, तर डोक्याच्या वर चांगलं पाच तास ऊन होतं. आणि आपण दरवर्षी काय केलं? कमरेच्या वर गेलेली प्रत्येक फांदी जास्तीचं कापड छाटावं तशी छाटली! कापड मेजावर आडवं असतं, पण गिऱ्हाईक उभं असतं, हे तीस वर्षं जगाला सुनावणाऱ्या बाईंनी माप घेतलं ते जमिनीवर. त्या एकट्याच खो खो हसत सुटल्या.

छाटणी बंद झाली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी खिडकीच्या गजांना दोरी बांधून खाली सोडली. गुलाब असा सुटला, की बाई रोज धावत जाऊन टेप लावायच्या. वर पोचलेल्या फांद्या मास्तरांनी कापडाच्या पट्ट्यांनी गजांवर आडव्या बांधल्या.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात ताई आल्या त्या खोरं आणि पोतं घेऊनच. खालून वर पाहिलं, तर नुसतं हिरवं.

"बघितलंस? चल, खणू या."

ताईंनी खोरं टेकवलं मात्र, वरून मास्तर ओरडले, "अहो, थांबा! आत्ताच गावाहून येऊन खिडकी उघडली. आधी वर या, वर!"

दोघी बहिणी गुडघेदुखी विसरून जिना चढल्या. मास्तरांच्या खिडकीत, अंगणाकडे पाठ करून, सात गुलाब उमलले होते. फिकट, कडेला गुलाबी, अगदी बाबांचेच. बाईंनी आनंदाने मास्तरांच्या पाठीतच धपाटा घातला. ताईंनी फुलात नाक खुपसलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"तोच वास गं," त्या म्हणाल्या. "रोप राहू दे इथेच. मला एक फांदी देशील?"

"दोन ने. पण काप तूच. याला कात्री लावायचा माझा धीर नाही आता."