सासऱ्यांची दोन वायरींची डबी

माझ्या सासऱ्यांच्या लेखी जगातल्या यच्चयावत वस्तूंचे दोनच प्रकार आहेत, विजेला वाट देणाऱ्या आणि न देणाऱ्या. पिंगळीच्या घरी त्यांच्या बंडीच्या खिशात कायम एक डबी असते. आत मोडक्या रेडिओचे तुकडे आणि दोन सेल, बाहेर दोन वायरी आणि एक बारका दिवा. दिवा इतका हळवा, की टोकं नुसती चिमटीत धरली तरी पेटतो. तव्यावरच्या ताज्या भाकरीला वायरी लावल्या की पेटतो, शिळ्या कडक भाकरीला ढिम्म. पेन्सिलीच्या शिसातून वीज जाते, तिच्या लाकडातून नाही. लोणच्याच्या फोडीवर लख्ख उजेड, वरच्या तेलात काळोख. सासूबाई म्हणतात, "ह्यांच्या वायरी लागल्याबिगर आमच्या घरात घास उतरत न्हाई."

मुलगी बघायला गेलो तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुलगी पाहताक्षणी आवडलेली, त्यामुळे शहाणं दिसायची माझी केविलवाणी धडपड चाललेली. मामांनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "पाव्हणं, पानी बी पातळ, त्याल बी पातळ. मग त्यालातून वीज का जात न्हाई?"

मी ठोकून दिलं, "तेल जरा घट्ट असतं ना!"

"मग लोखंड काय पातळ हाय का?"

माझे काका पोह्यांच्या बशीत तोंड लपवू लागले. स्थळ हातचं गेलं, या भीतीनं मला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात मामांनी एक वायर माझ्या हातात दिली, दुसरी लेकीच्या. "आता एकमेकांचा हात धरा."

"अवो, अजून ठरलं न्हाई काई!" सासूबाई ओरडल्या.

"ठरलं न्हाई म्हणून वीज थांबती का?"

धरला. दिवा झगझगीत पेटला. मामा दिव्याकडे बघत होते, बाकीची बैठक आमच्या हातांकडे. "लय घाम हाय पाव्हण्याला!" मामा हरखून म्हणाले. मुलीनं हसत वायर खाली ठेवली, हात मात्र सोडला नाही. ठरलं.

परवा मामांनी पुन्हा डबी काढली. एक वायर त्यांनी धरली, एक मी, आणि हातात हात घेतला. दिवा जेमतेम मिणमिणला. त्यांचे तळहात आता वाळल्या पानासारखे झालेत.

"जावईबापू, कमी का जळायलाय?"

"कातडी कोरडी पडली, मामा. पाणी लावू?"

"थांबा. आधी जरा दाबून धरा."

धरला. दिवा वाढला.

"वाढला की! असं का होत असंल?"

या वेळी मी काहीच ठोकून दिलं नाही. ते दिव्याकडे बघत राहिले, आणि मी हात ढिला होऊ दिला नाही.