जुळ्यातली कालवड

शिरूर-दौंड एसटीत शेजारी बसलेले चाचा दर वाक्याआधी टोपी काढून पुन्हा घालत. उभा जन्म त्यांनी गुरं पारखण्यात घालवला होता. आता माझी पारख सुरू झाली, म्हणून मी काय करते ते सांगितलं.

"चाचा, पोटातल्या नर गर्भाची ग्रंथी एक प्रथिन सोडते. ते तिथल्या पेशींना निरोप देतं, की गर्भाशय बनवू नका. मी त्या निरोपाचा अभ्यास करते."

टोपी निघाली, पुन्हा बसली. "म्हंजी गोऱ्ह्यासंगं जुळी झालेली कालवड वांझ निघती, ती यामुळंच व्हय?"

मी थक्क झाले. "हो. पोटात दोघांचं रक्त मिसळतं, मग भावाचा निरोप तिलाही पोचतो."

"माझ्याकडं हाय तसली एक. घरचे म्हणत्यात, दूध न्हाई, वासरू न्हाई, काढून टाका. मला जमंना, आन् कारणबी सांगता येईना."

इनामगाव आलं. चाचा उठले. "आज सांगतो घरी. निरोप भावाचा व्हता, तिचा काय दोष?"

पाच वर्षांच्या माझ्या संशोधनाचा पहिला उपयोग त्या संध्याकाळी एका गोठ्यात होणार होता.