शेळीला जनावर म्हणत नाहीत

आमची आत्या आज सकाळी गेली.

भर मीटिंगमध्ये स्वतःच्याच शेळीविरुद्ध हात वर करणारी बाई गेली.

हसू आलं असेल तर खुशाल हसा. तिला चाललं असतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भोरमध्ये मास्तर, कारकून, एसटीवाले अशा लोकांनी मिळून सोसायटी काढली होती. सोसायटी म्हणजे काय, कौलारू घरांच्या दोन रांगा आणि मधे विहीर. पण रुबाब असा की जणू पुण्यातच राहतोय.

आत्याचं सासर वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या वाडीत. नवरा गेला, मूलबाळ नाही. तिनं शेत विकून सोसायटीत घर घेतलं आणि भावाला, म्हणजे आमच्या दादांना, निरोप धाडला. "एकलीला घर खायला उठतंय. या समदी."

आम्ही तिच्या घरात राहायचो, ती आमच्या नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण आमचे काही नातेवाईक अजून उलटं सांगतात.

घर घेताना तिनं पाण्याचं विचारलं नाही, रस्त्याचं विचारलं नाही. सेक्रेटरी होते एक रिटायर्ड गुरुजी. त्यांना एवढंच विचारलं,

"माजी शेळी चालंल न्हवं?"

"खुशाल आणा, आत्याबाई."

शेळीचं नाव बगळी. पांढरीशुभ्र आणि एक नंबरची आगाऊ. आत्याचे यजमान गेले त्याच आठवड्यात तिची आई मेली होती. आत्यानं कापडाच्या बोळ्यानं दूध पाजून तिला जगवलं. आई म्हणायची, बगळीनंच आत्याला जगवलं.

तर या बगळीनं एकदा गुरुजींच्या अंगणातला मोगरा खाल्ला. मग कुणाचा तरी वाळत घातलेला परकर.

आणि सोसायटीनं मीटिंग बोलावली.

मेंबर आत्या होती, म्हणून आत्याच गेली. दादा एसटीत कंडक्टर, ते ड्युटीवर होते. संध्याकाळी घरी आले तर आत्या खुशीत भाकऱ्या थापत बसलेली.

"लई बेस काम केलं आज गुरुजींनी. कुनी जनावर बाळगायचं न्हाई, आसा नियम केला. म्या पयला हात वर केला."

दादांच्या हातातली तिकिटांची पेटी तशीच राहिली.

"आक्का, अगं मग बगळीचं काय?"

"बगळीचा काय संबंध?"

आता हे नीट समजून घ्या. आत्याच्या वाडीत सापाला कुणी साप म्हणत नाही. नाव घेतलं की येतो म्हणतात. त्याला म्हणायचं 'जनावर'. गाय म्हणजे गाय, म्हैस म्हणजे म्हैस, शेळी म्हणजे शेळी. जनावर म्हणजे फक्त तो.

कुणीतरी गारुड्याला बिऱ्हाड द्यायला निघालंय आणि गुरुजी ते रोखतायत, असा बाईंचा समज!

दादांनी समजावून सांगितलं तेव्हा तिनं तवा उतरवला आणि परसात जाऊन बगळीच्या गळ्यात हात टाकून रडली. मोठ्यानं. "माज्याच हातानं गं, माज्याच हातानं घालवली तुला."

बगळी तेव्हा म्हातारी, आटलेली. बाजारात अशी शेळी कोण विकत घेतं, ते आम्हा पोरींनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी विचारायला आले, "आत्याबाई, शेळी कधी हलवताय?"

आत्या म्हणाली, "पुन्यांदा मीटिंग घ्या. मला बोलायचंय."

"नियम एकमतानं झालाय हो. तुम्हीच तर..."

"व्हय, म्याच. म्हनून तर घ्या."

त्या मीटिंगला सगळ्या बायका पोरं घेऊन आल्या. घरात कोण थांबतंय! आत्या डोक्यावरचा पदर नीट करून उभी राहिली.

"गुरुजी, त्या दिशी तुमच्या न्हाणीत काय निघालं हुतं?"

"साप."

"तुमच्या बाई काय म्हनून वरडल्या?"

गुरुजींच्या बायको मागून म्हणाल्या, "अहो, जनावर जनावर म्हणून ओरडले मी. शेळी आली म्हणून नाही!"

जो हशा पिकला!

आत्या नाही हसली. "गुरुजी, घर घ्यायच्या आदी म्या तुमास्नी इचारलं हुतं. तुमी हो म्हनला. त्या शब्दावर शेत इकून आले. आता कुठं जाऊ तिला घिऊन?"

गुरुजींनी चष्मा पुसला, आणि माणूस खरंच भला, तिथल्या तिथं म्हणाले, "माझी चूक झाली. नियम राहू द्या. पण जे आधीपासून आहेत, त्यांना तो लागू नाही."

सगळे हात वर.

बगळी आमच्या परसातच म्हातारपणानं गेली. खड्डा खणायला गुरुजी स्वतः कुदळ घेऊन आले. म्हणाले, "आत्याबाई, दुसरी आणा. कुणी काही म्हणणार नाही."

"नगं गुरुजी. त्यो नियम आदीच्यांसाटी हुता. हात वर केलाय म्या."

त्यानंतर तिनं कधीच काही पाळलं नाही. आम्हालाच काय ते पाळलं. माझ्या लग्नात सगळ्यांत जास्त तीच रडली, आणि सगळ्यांत आधी जेवायलाही तीच बसली.

फोटो मागू नका. एकच आहे, आणि त्यात शेळीच नीट आलीय.

माझ्या जन्माच्या आधीपासून ती होती. दादा गेले, आई गेली, गुरुजी तर कधीच गेले. प्रत्येक वेळी मी रडून झाल्यावर आत्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, ही आधीपासूनची आहे. हिला लागू नाही.

आज तिलाही लागू झाला.

जा गं आत्या. वर गेलीस की आधी विचारून घे, शेळी चालेल का म्हणून.