मामूंचे चार घोडे

घोड्यांना इतका घाबरणारा आणि घोड्यांसाठी इतका भांडणारा माणूस अख्ख्या सौदी अरेबियात दुसरा झाला नसेल. हे आमच्या तबूकच्या लेबर कॅम्पातले आचारी. गाव मुरूड-जंजिरा, पन्नाशी कधीच उलटलेली, आणि अडीचशे कामगारांचे ते मामू. त्यांच्याहून वयानं मोठा असलेला फोरमनही त्यांना मामूच म्हणायचा. मी तिथे टाइमकीपर होतो. मूळचा चिपळूणचा, त्यामुळे मामूंनी पहिल्याच दिवशी मला 'आपला माणूस' ठरवून टाकलं. याचा फायदा म्हणजे माशाचा मधला तुकडा मला मिळायचा, आणि तोटा म्हणजे त्यांची सगळी भांडणं मला लिहून द्यावी लागायची. मामू उठसूट अर्ज करत. डाळीत खडे आले की अर्ज, पाण्याचा टँकर उशिरा आला की अर्ज. एकदा कॅम्पातल्या मांजरीला मेसमध्ये येऊ द्यावं म्हणून अर्ज केला, आणि दुसऱ्या दिवशी ती अख्खा हामूर मासा घेऊन पळाली तेव्हा तो मागे घेण्यासाठी आणखी एक.

त्यांचे वडील मुरूडला टांगा चालवायचे. "त्या घोडीनं आम्हा सात भावंडांना पोसलं," असं मामू सांगत. त्याच घोडीनं लहानपणी त्यांच्या खांद्याचा लचका तोडला होता. कॉलर बाजूला करून ते तो व्रण दाखवत, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं कौतुक असे. घोडा दिसला की मात्र या वयातही रस्ता बदलत.

एका सकाळी नेहमीच्या गाडीतून मांस आलं. मामूंनी पहिला तुकडा कापला, चरबीचा पिवळा रंग पाहिला आणि ड्रायव्हरला विचारलं, "ये किसका है?" त्यानं सरळ सांगून टाकलं. आमच्या कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने होते, त्या मालकाच्या शेतावर पाच म्हातारे घोडे होते. तिथल्या मुकादमानं ते खाटकाला द्यायला सुरुवात केली होती. एक गेला, चार उरले होते. मामूंनी सुरी धुतली, जागेवर ठेवली आणि गॅस बंद केला.

कॅम्पचा मॅनेजर धावत आला. "मामू, हलाल है, पकाओ."

"होगा साहब. खानेवाले को मैं कुछ नहीं बोलता. मेरे हाथ से नहीं पकेगा."

"एक्झिट लगा दूँगा. घर जाओगे."

"लगाओ. अभी दाल चढ़ानी है, जरा बाजू हटो."

एक्झिट म्हणजे नोकरी संपली, इकामा संपला; फक्त त्यावर कफीलची सही लागायची. मामूंच्या धाकट्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. मी त्यांना संध्याकाळी समजवायला गेलो, तर त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. "कफीलला अर्ज लिही. सुरुवात आमच्या घोडीपासून कर."

पुढचे पाच शुक्रवार मामू तबूकमधल्या प्रत्येक कॅम्पच्या मेसमध्ये जाऊन आले. मी बरोबर. आचाऱ्याला भेटायचं, त्याच्या हातचं चाखायचं, मीठ कमी आहे म्हणून सांगायचं आणि मग अर्जावर सही मागायची, हा त्यांचा क्रम. मिठाचा विषय सहीनंतर काढा म्हणून मी विनवलं. "खोटं बोलून सही घेऊ?" ते म्हणाले. तरीही एकूण एक आचाऱ्यानं सही केली, आणि घोड्याचं मांस कुठल्याच कॅम्पात शिजेनासं झालं.

मग कफीलचं बोलावणं आलं. मामूंचं अरबी स्वयंपाकघरातलं. कांदा, मसूर, तांदूळ यांची नावं आणि 'यल्ला', म्हणजे चला, आटपा. एवढ्या भांडवलावर त्यांनी त्या दिवाणखान्यात बापाचा टांगा उभा केला. सात भावंडं बोटांवर, भूक पोटावर आणि घोडीच्या टापा जिभेनं वाजवून. म्हातारा कफील आधी हसला, मग पुढे सरकून बसला. त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, "तुम्हारा बाबा घोड़ी बेचा?"

"नहीं. मर गयी तो दफन किया. हम सातों ने मिट्टी डाली."

कफीलनं तिथल्या तिथे मुकादमाला फोन लावला. आम्हाला शेवटचा शब्द तेवढा कळला, खलास, म्हणजे बस, विषय संपला. मग त्यानंच सांगितलं, चारही घोडे मरेपर्यंत शेतावरच राहणार. आम्ही कॅम्पात परतलो तेव्हा अडीचशे माणसं ताटं बडवत दारात उभी होती, आणि मॅनेजर सगळ्यांत पुढे. मामूंनी त्याला बाजूला घेऊन त्या दिवशी आवाज चढवल्याबद्दल माफी मागितली, जी मागण्याचं काहीच कारण नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी कफीलनं घोडे बघायला गाडी पाठवली. मामू माझ्या पाठीमागे लपून वीस पावलांवरून त्यांना सलाम करून आले. "छान आहेत," म्हणाले, "पण दात बघ केवढे."

तीन वर्षांपूर्वी मामू कायमचे मुरूडला गेले. निघताना एवढंच म्हणाले, "इथं थंडी फार पडते. त्यांच्या पाठीवर जाड काहीतरी घालायला सांगत जा." दर हिवाळ्यात मी शेतावरच्या सुदानी राखणदाराला फोन करतो. तो बिचारा न सांगता सगळं करतो. यंदा म्हणाला, आता एकच उरलाय, बाकीचे वयानं गेले, त्यांना तिथेच पुरलं.

त्याच आठवड्यात मामूंचा फोन आला. गुडघे दुखतात, नातू ऐकत नाही, असं बरंच झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "चौघं बरे आहेत ना रे?"

"बरे आहेत मामू," मी म्हणालो. "झूल घातलीय."