बोकसिलच्या वस्तीचा नाच

सोयाचं दूध कधी साकळणार आणि सरकारचं रॉकेट कधी उडणार, या दोन गोष्टी बोकसिलला इतरांच्या आधी कळायच्या. रॉकेटचं गणित सोपं होतं. शिध्याच्या दुकानाला कुलूप लागलं, लोक कुजबुजायला लागले, की थोड्याच दिवसांत आकाशात काहीतरी उडायचं. मग भोंग्यावरून घोषणा, मग मैदानात गर्दी, मग नाच. रॉकेटच्या बुडाची आग दाखवली की लोक पोटातली आग विसरतात, असा वरच्यांचा समज.

बोकसिल खाणीजवळच्या वस्तीची गटप्रमुख. पहाटे दारं ठोकून माणसं सभेला हाकायचं काम तिचं. नवरा खाणीत दगावला तेव्हापासून टोफू, म्हणजे सोयाच्या दुधाचं पनीर, विकून तिनं लेकीला, उनसिमला, वाढवलं. आता गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून बाजारातल्या ओट्यावर उनसिम बसायची आणि त्यावर दोघींची चूल पेटायची.

त्या वसंतात पक्षाचे चिटणीस ह्वांग यांनी फर्मान काढलं: पन्नाशीच्या आतल्या बायकांनी बाजारात बसायचं नाही. रिकाम्या बायका तोंडं चालवतील म्हणून त्यांना डोंगरात रानभाजी खुडायला धाडलं. बोकसिलनं हुकूम तंतोतंत पाळला. जवळची भाजी संपली होती, म्हणून बायकांना पार पलीकडच्या डोंगरात पाठवलं.

आणि रॉकेट उडालं. दुसऱ्या दिवशी राजधानीतून कॅमेरावाले येणार होते. ह्वांग धापा टाकत तिच्या दारात आले.

"बोकसिलबाई, बायका कुठायत? उद्या रंगीत पोशाखांनी मैदान भरलं पाहिजे!"

"डोंगरात, कॉम्रेड चिटणीस. तुमचाच हुकूम."

"मग बोलवा खाली!"

"बोलावते की. पण उपाशी बाई गिरकी घेताना कोसळते. कॅमेऱ्यासमोर बरं दिसेल का ते?"

"म्हाताऱ्यांना नाचवा!"

"मला? माझे गुडघे असे वाजतील की ढोल लागायचा नाही."

"धमकी देताय?"

"छे हो! बाजार उघडा, संध्याकाळपर्यंत सगळ्या खाली."

याहून लहान बोलण्यापायी माणसं घरातून नाहीशी झालेली तिनं पाहिली होती.

ह्वांग घाम पुसत राहिले. रॉकेट उडवायला तज्ज्ञ होते, पण आनंद दाखवायला याच बाया हव्या होत्या. मैदान ओकं दिसलं तर वरून पहिला जाब त्यांनाच विचारला गेला असता.

"नाच झाला की उघडतो," ते पुटपुटले.

"गरज सरो, वैद्य मरो, असं नको व्हायला. आधी भोंग्यावरून सांगा."

बाजार उघडणार असं भोंग्यावरून सांगितलं गेलं, डोंगरात निरोप गेला. उनसिम धावतच डोंगर उतरली.

"आई, तुला उचलून नेलं असतं तर?"

"नेलं नाही ना? सोया भिजत घाल आधी."

दुसऱ्या दिवशी बाया अशा नाचल्या की बघत राहावं. गुडघे कडकड वाजवत बोकसिल सगळ्यांच्या पुढे. रॉकेटवर इतकं निखळ प्रेम आपण कुठंच पाहिलं नाही, असं राजधानीच्या निवेदकानं कॅमेऱ्यासमोर दोनदा सांगितलं. ह्वांग यांची पाठ थोपटली गेली.

नाच संपल्यावर आकाशाकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. पोशाख न बदलताच बाया बाजाराकडे पळाल्या, आणि उनसिमचा टोफू दुपारच्या आत संपला.