तुळशीच्या कुंडीतल्या गोळ्या

अरेरा कॉलनीतल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की या गोळीने भूक वाढेल आणि वजनही वाढू शकतं. मी म्हटलं, वाढू द्या. तेव्हा उदासी इतकी होती, की आंघोळ करायचीसुद्धा माझी तयारी नव्हती, कमरेचं कोण बघतो? पण सहा-सात महिन्यांत मन ताळ्यावर आलं आणि आल्या आल्या आधी आरशात बघायला लागलं.

बापरे, सोळा किलो! सकाळी घरचे पोहे खाऊन मी गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात जायचो आणि अकरा वाजता कोपऱ्यावर पुन्हा पोहे-जलेबी. तिथले लोक कौतुकाने विचारायचे, भाभीजी खिलाती क्या हैं. बुटाची नाडी बांधताना धाप लागायला लागली, तेव्हा बिननाडीचे बूट घेतले आणि बायकोला सांगितलं, आजकाल हीच फॅशन आहे.

खरी पंचाईत दिवाळीनंतर झाली. सोनागिरीच्या आमच्या गल्लीत मराठी घर आमचं एकच, त्यामुळे तुळशीचं लग्न आमच्याच अंगणात लागतं. मंगलाष्टकं मी म्हणायची, हा वीस वर्षांचा रिवाज. त्यासाठीचा रेशमी कुरता घालून बघितला, तर तो पोटापर्यंत आला आणि तिथेच थांबला. असा संताप आला मला! कुरत्याचा नाही, गोळीचा. म्हटलं, आता मी बरा झालोय, ही बया हवी कशाला?

बायको रोज सकाळी पाकिटातून एक गोळी वेष्टनासकट कापून चहाच्या कपाशेजारी ठेवायची. मी ती मुठीत घेऊन अंगणात जायचो आणि तुळशीच्या कुंडीत बोटाने खोल दाबायचो. स्वतःच्या हुशारीवर जाम खूश होतो. दहा दिवसांत वजन तसूभर हललं नाही. डोकं मात्र गरगरायला लागलं, आणि रविवारी मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. बायकोला सांगितलं, पाठ धरलीय.

आता माझी अक्कल बघा. लग्नाच्या दिवशी तुळशीच्या कुंडीत ऊस रोवतात, मुळाशी चिंच-आवळे ठेवतात, हे मी जन्मापासून बघतोय. दुपारी बायकोने ऊस रोवायला खुरप्याने माती उकरली, तर एकामागून एक चमचमत्या गोळ्या वर आल्या. तिने दहाच्या दहा धुऊन, पुसून ताटलीत मांडल्या आणि माझ्यासमोर आणून ठेवल्या.

“तुळशीला आता बरं वाटत असेल,” ती म्हणाली. “तुमचं काय?”

मला हसू आलं, तिला नाही आलं.

“मला जाडा नवरा चालतो. भिंतीकडे तोंड केलेला पुन्हा नको. मी घाबरते हो.”

इतक्या वर्षांत ती घाबरते असं कधी म्हणाली नव्हती. मला माझी लाज वाटली. डॉक्टरांना फोन लावला, बोलणी खाल्ली आणि त्यांनी सांगितलं तशी गोळी पुन्हा सुरू केली. वजनाचं आपण बघू, पण मला न विचारता बंद करायची नाही, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

संध्याकाळी बायकोने कुरत्याच्या दोन्ही बाजू उसवून दिल्या, वरून शाल टाकली, आणि मी अंतरपाटाशी उभा राहिलो. गेल्या वर्षी मी पलंगावरून उठलोच नव्हतो, तेव्हा तिने मंगलाष्टकं मोबाइलवर लावली होती. यंदाही मोबाइल तिच्या हातात तयार होता. मी पहिली ओळ बेसूर का होईना, उचलली, तेव्हा तिने तो बाजूला ठेवला आणि अंतरपाटाचं दुसरं टोक धरलं.