दादा, ती उसण नव्हती

माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलून मेला.

आज त्याचा स्मृतिदिन. फोटोला हार घातलाय. राग मात्र इतक्या वर्षांत उतरलेला नाही, तो आज इथेच सांगून टाकते.

दादा मनमाडला रेल्वेत फिटर. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. चाळिशीतच बीपी निघालं.

डॉक्टर म्हणाले, गोळी रोज, जन्मभर.

दादा म्हणाला, "मला होतंय काय? निदान डोकं तरी दुखायला पाहिजे ना."

मी तेव्हा नाशिकला नोकरीला. दर महिन्याला त्याच्या गोळ्या घेऊन पॅसेंजरने मनमाडला जायचे.

"घेतोस ना रे?"

"घेतो गं बाई. तुझ्या गळ्याची शपथ."

आता दुसरी गोष्ट. मी पायाळू. म्हणजे जन्मताना पाय आधी आले. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते म्हणतात. क्वार्टर्समधली अर्धी माणसं माझ्यापुढे पालथी पडलीत.

दादा जाम चिडवायचा. "एकमेकांना जयभीम घालता आणि हिच्या लाथा खाता? सायन्स शिकलीस ना गं तू?"

ऐंशीच्या दशकातला जानेवारी. मी सुट्टीला तिकडेच होते. भल्या सकाळी नळ आला. मनमाडला नळ येणं म्हणजे काय, ते मनमाडकरांना सांगायला नको. सगळे धावले.

कडाक्याची थंडी. दादाने श्वास रोखून भरलेलं पिंप उचललं, ओट्यावर ठेवलं, आणि तिथेच खाली बसला.

"पाठीत काहीतरी फाटलं गं."

फाटलं, म्हणाला तो. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आणि सगळे म्हणालो, उसण भरली.

"दवाखान्यात चल," मी म्हटलं.

"कशाला? घरात पायाळू असताना?"

जन्मभर थट्टा केली, आणि त्या दिवशी आपणहून पालथा पडला. मला तर आभाळ ठेंगणं झालं. मी पाय लावला.

जरा वेळाने म्हणाला, "थांबलं बघ. मानलं तुला. आता चहा टाक."

मी टाकला. चांगला फुशारकीत टाकला.

चहा उकळेपर्यंत दादा गेला होता.

पुढे त्याचे कपडे आवरताना वहिनीला ट्रंकेत गोळ्या सापडल्या. मी नेलेल्या. सगळ्या. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

माझ्या गळ्याची शपथ घेत होता, मेला.

कित्येक वर्षांनी माझी लेक डॉक्टर झाली, तेव्हा तिने समजावलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी असते. बीपी तिला आतून झिजवत राहतं. थंडीत बीपी वाढतं, सकाळी चढतं, आणि त्यात दम धरून वजन उचललं की तिचा आतला पापुद्रा फाटू शकतो. लोकांना वाटतं, पाठ धरली.

मी एवढंच विचारलं, "मग तो थांबलं का म्हणाला?"

"थांबतं गं आई कधी कधी. थोडा वेळ." मग हळूच म्हणाली, "नाहीतर तुला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल."

तेव्हापासून मी कोणाच्या पाठीला पाय लावलेला नाही.

दादा, गोळ्यांचं खोटं मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

पण ते "थांबलं" तेवढं खरं असू दे रे.

जयभीम, दादा.